चांदीची रवानगी

पुण्यास कोथरूडमध्ये माझ्या थोरल्या बहिणीच्या दिवाणखान्यात, जेथे भावोजींच्या हयातीत त्यांची आरामखुर्ची असे त्याच जागी, गेल्या वर्षीच्या जुलैपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत करड्या रंगाचा एक पिंजरा मांडून ठेवलेला होता. लांबी ९१ सेंटिमीटर, रुंदी ६४, उंची ६९. चारी अंगांना झरोके, पुढे गजांचे दार, आत एक जुनी सुती गोधडी. येणारा-जाणारा त्याकडे कुतूहलाने पाही, आणि चांदी नावाची आमची सहा वर्षांची गावठी कुत्री आत पाय दुमडून स्वस्थ निजली आहे व दार तर सताड उघडे आहे, हे ध्यानी आल्यावर विचारी की मग हा पिंजरा हवा कशाला. बहीण म्हणे, "सवय व्हावी म्हणून." एवढ्यावर ती थांबे, कारण पुढची हकीकत सांगू लागल्यास चहा निवून जाईल हे तिला अनुभवाने ठाऊक झाले होते. ती हकीकत येथे सांगावयाची आहे. कारण परदेशी स्थायिक होण्यास निघालेल्या मराठी कुटुंबांत कुत्रे पाळणारी कुटुंबे आता विपुल आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना या प्रकरणाची पहिली वार्ता लागते ती पुष्कळ उशीर होऊन गेल्यावर.

माझ्या भाचीला जूनच्या आरंभी लंडननजीकच्या एका संशोधनसंस्थेचे नेमणूकपत्र आले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हावे असा त्यात मजकूर होता. तिच्या पदरी दोन कुत्री. चांदी ही पौड रस्त्यावर भर पावसात सापडलेली. गुंड्या हा अकरा वर्षांचा पग, एका परिचितांनी बंगलोरला बदली झाल्यावर आमच्या बहिणीच्या गळी उतरवलेला. आप्तेष्टांनी आपापल्या परीने सल्ले दिले. "आईपाशी ठेव" हा त्यांतील सर्वांत सोपा. परंतु सत्तरीला आलेल्या, गुडघ्यांनी जेर झालेल्या माझ्या बहिणीने चोवीस किलोच्या तरण्या कुत्रीला दोन वेळा जिना उतरवून फिरवून आणावे, ही अपेक्षा कोणी शहाण्याने करू नये. "कुणाला तरी देऊन टाक" हा दुसरा. तो ऐकून भाची माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, ती मला शोधत राहील हो." यावर कोणापाशीही उत्तर नव्हते, आणि चांदी विलायतेस जाणार हे त्या दिवशी ठरून गेले.

आमचा सगळ्यांचा समज असा, की पैशाची तजवीज झाली म्हणजे काम झाले. तो समज मुळातच चुकीचा होता. या व्यवहारात पैसा लागतो, नव्हे पुष्कळ लागतो. तथापि त्याहून दुर्मिळ अशी जी वस्तू लागते ती मुदत होय, आणि ती कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

ब्रिटनचा नियम थोडक्यात असा. कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवावी. तिच्यातील पंधरा अंकी क्रमांक हीच त्या प्राण्याची ओळख. त्यानंतर रेबीजची लस टोचावी. लशीनंतर निदान तीस दिवस जाऊ द्यावेत, मग रक्त काढून त्यातील द्रव मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा, आणि रेबीजच्या विषाणूस निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे त्यात एका मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतकी आहेत असा दाखला मिळवावा. आमच्या पशुवैद्यांच्या भाषेत ही 'टायटर टेस्ट'. दाखला मिळाला तरी लगेच निघता येत नाही. रक्त काढल्या दिवसापासून पुरते तीन महिने प्राण्याने मायदेशीच काढावयाचे. ज्या देशांतील रोगनियंत्रणावर ब्रिटनचा विश्वास आहे, त्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांना हे रक्ताचे व मुदतीचे बंधन नाही. भारताचे नाव त्या यादीत नाही. तेव्हा हिशेब सरळ होता. माणसाला आठ आठवडे मिळाले होते, कुत्रीला चार महिन्यांहून अधिक लागणार होते.

त्यातही आमची चूक झाली. चांदीला जानेवारीत रेबीजची लस टोचलेली होती. चिप मात्र कधी बसवलेलीच नव्हती. जूनच्या १० तारखेस चिप बसवली, आणि लस तर चालू आहेच, पुन्हा कशाला टोचावयाची, असे पशुवैद्यांनी सांगितल्यावरून २० तारखेस रक्त काढून परदेशी प्रयोगशाळेत रवाना केले. तीन आठवड्यांनी अहवाल आला; प्रतिपिंडे उत्तम होती. बहिणीने देवापुढे साखर ठेवली. दोन दिवसांनी, सगळे दस्तऐवज प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या एजंटाच्या हाती गेले तेव्हा त्याने लसपुस्तिकेचे पान उलटून तारखा ताडून पाहिल्या आणि पुस्तिका मिटून मेजावर ठेवली. लस जानेवारीतली, चिप जूनमधली. ज्या दिवशी लस टोचली त्या दिवशी त्या कुत्रीला क्रमांकच नव्हता. मग ती लस हिलाच टोचली यास पुरावा काय? नियमाप्रमाणे चिपच्या आधीची लस ही न टोचल्यासारखीच, आणि तिच्या आधाराने केलेली रक्तपरीक्षाही रद्दबातल. ज्या पशुवैद्यांनी सल्ला दिला त्यांचा हेतू वाईट नव्हता. रोग्याची परीक्षा ते जाणत होते, दप्तराची जाणत नव्हते. परंतु चाळीस दिवस गेले ते गेलेच. १६ जुलैस पुन्हा लस, १८ ऑगस्टला पुन्हा रक्त, आणि १८ नोव्हेंबरच्या आत रवानगी नाही, असे नवे पंचांग घरात लागले.

भाची ऑगस्टच्या २ तारखेस एकटी गेली. मुंबईस विमानतळावर तिला पोचवून परतलो तेव्हा चांदी दाराशी बसलेली होती, आणि आमच्यामागून कोणी येत आहे का हे पाहत ती बराच वेळ तशीच बसून राहिली.

एखादे सरकार एका निरुपद्रवी प्राण्याला इतके अडवते कशासाठी, हा प्रश्न त्या महिन्यांत माझ्या मनात वारंवार येई, आणि प्रारंभी त्याचे उत्तर मी रागाने देत असे. राग निवाल्यावर मी त्या देशाचा या बाबतीतला इतिहास वाचला, आणि माझे मत पालटले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्येही कुत्री पिसाळत आणि माणसे मरत. १८९७ साली कृषिखात्याचे प्रमुख वॉल्टर लाँग यांनी कुत्र्यांना मुसकी बांधण्याचा कडक हुकूम काढला. श्वानप्रेमी जनतेने त्यांना शिव्याशाप दिले, परंतु ते मागे हटले नाहीत, आणि १९०२ पर्यंत तो देश या रोगापासून मुक्त झाला. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने सक्तीने वेगळे ठेवण्याची रीत याच काळात पक्की झाली. पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांनी चोरून कुत्री आणली तेव्हा १९१८ मध्ये रोग पुन्हा शिरला, आणि त्याला उखडून काढण्यास १९२२ साल उजाडले. १९६९ मध्ये कॅम्बर्ली गावी एक कुत्रा पिसाळला. तो जर्मनीहून आणलेला, सहा महिन्यांची कोठडी रीतसर भोगून नुकताच सुटलेला होता. ज्यांनी एकदा घर झाडून स्वच्छ केले आहे आणि ज्यांच्या घरात चोरपावलांनी रोग परत आलेला आहे, त्यांनी उंबऱ्यावर पहारा ठेवला तर त्यांना निष्ठुर म्हणता येत नाही. सहा महिन्यांची ती कोठडी २००० सालच्या फेब्रुवारीपासून चिप, लस आणि रक्तपरीक्षा यांच्या आधारे टाळता येऊ लागली. आज आपण ज्या तीन महिन्यांनी व्याकुळ होतो ते प्राणी आपल्याच घरी, आपल्याच गोधडीवर काढतो. पूर्वीची सहा महिन्यांची मुदत तो परक्या कोठडीत काढत असे.

आणि आपली बाजू काय आहे? जगात रेबीजने जे मृत्यू होतात त्यांतील सुमारे ३६ टक्के भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि माणसाला होणारा हा रोग जवळजवळ सर्वस्वी कुत्र्यांच्या चाव्यातून येतो. माझ्या पिढीला हे सांगावे लागत नाही. आमच्या लहानपणी सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी कुत्रे चावले म्हणजे पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. ती लस १९११ साली कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत डेव्हिड सेंपल यांनी सिद्ध केलेल्या पद्धतीची, मेंढीच्या मेंदूपासून केलेली असे, आणि आपल्या देशात तिचे उत्पादन २००५ च्या सुमारापर्यंत चालू होते. आमच्या शेजारच्या वाड्यातील एक मुलगा सातव्या इंजेक्शनानंतर भिऊन रानात पळून गेला होता आणि त्याच्या आईने त्याला ओढत परत नेले होते, तो देखावा मी अजून विसरलेलो नाही. ज्या भूमीतून हा इतिहास आला आहे त्या भूमीतील कुत्र्याच्या रक्ताची साक्ष परक्याने मागितली, तर ती देणे आपल्यास प्राप्तच आहे.

भाची गेल्यावर खरे काम बहिणीने केले. पिंजरा आणताना मोजमापाचा नियम पाळावा लागतो: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि तिच्यात कोपराच्या उंचीचा अर्धा भाग, इतका पिंजरा लांब हवा, खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट रुंद हवा, आणि उभ्या प्राण्याच्या कानांच्या टोकांना छत लागता कामा नये. चांदी उभी राहून पूर्ण वळू शकली पाहिजे, एवढाच या गणिताचा भावार्थ. मोजणीच्या दिवशी तिने शिंप्यापुढे उभ्या राहिलेल्या मुलीसारखे अंग चोरून घेतले. पुढे बहिणीने तिचे जेवण प्रथम पिंजऱ्याच्या दाराशी, मग उंबऱ्यावर, मग आत असे आठवड्या-आठवड्याने सरकवत नेले. सप्टेंबरात ती दुपारची झोप तेथे घेऊ लागली. गणपती उठल्यावर दार पाच मिनिटे लावून पाहिले, नवरात्रात तासभर, दिवाळीत रात्रभर. प्रवासात गुंगीचे औषध देऊ नये असे जाणकार पशुवैद्य आणि विमानकंपन्या बजावून सांगतात, कारण उंचीवर त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडण्याचे भय असते. तेव्हा जनावराच्या मनाला जो धीर द्यावयाचा तो असा आधीपासून, घासाघासाने द्यावा लागतो. या चार महिन्यांत माझ्या बहिणीने जी चिकाटी दाखवली ती मला पावणेपाच लाखांहून मोलाची वाटते.

पावणेपाच लाख हा आमच्या घरचा आकडा. त्याचा तपशील देण्यात मला संकोच वाटत नाही. चिप, लशी व तपासण्या यांना साडेसहा हजार; रक्तपरीक्षा दोनदा करावी लागल्याने छप्पन्न हजार; पिंजऱ्यास साडेसतरा हजार; पुण्याहून मुंबईस खाजगी गाडीच्या खेपांना चौदा हजार; एजंटाचा मेहनताना, सरकारी शुल्क व विमानाचे भाडे मिळून दोन लाख पस्तीस हजार; लंडनला उतरवून घेणे, तपासणी व जकातीचे सोपस्कार यांना बासष्ट हजार; आणि भाचीच्या जाण्यायेण्याच्या तिकिटास चौऱ्याऐंशी हजार. यांतील दोन रकमा वाचकांना कोड्यात टाकतील, म्हणून खुलासा करतो.

विमानाचे भाडे प्राण्याच्या वजनावर आकारत नाहीत, तो जी जागा व्यापतो तिच्यावर आकारतात. पिंजऱ्याच्या लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार करून त्यास ६,००० ने भागावे, जो आकडा येईल तितके किलो धरावे. आमच्या पिंजऱ्याचे ते ६७ किलो होतात. चांदी चोवीस किलोची. शिवाय ब्रिटनमध्ये कुत्रे प्रवाशाच्या शेजारी बसून वा त्याच्या सामानाबरोबर जाऊ शकत नाही; अंध वा अपंग व्यक्तीस साहाय्य करणारे शिकवलेले कुत्रे सोडल्यास बाकी सर्वांनी माल म्हणून, कार्गोने, स्वतंत्र नोंदीखालीच उतरले पाहिजे. त्यामुळे स्वस्तातला मार्ग असा उरतच नाही.

दुसरी रक्कम तिकिटाची. कुत्रे आणि त्याचा धनी यांच्या प्रवासात पाच दिवसांहून अधिक अंतर पडले, तर ती घरगुती प्राण्याची ने-आण न राहता व्यापारी आयात ठरते, आणि तिचे नियम व खर्च निराळेच. ऑगस्टमध्ये गेलेली भाची नोव्हेंबरात केवळ चांदीबरोबर पुन्हा निघता यावे म्हणून आठ दिवसांची रजा काढून आली. जर तारखांचा तो घोटाळा झाला नसता तर रक्त जुलैमध्येच निघाले असते आणि रवानगीही महिनाभर अलीकडे झाली असती; तरीही हे तिकीट वाचले नसतेच, कारण नेमणूकपत्र आल्यावर आरंभ केला की उशीर झालेलाच असतो. एक खर्च मात्र दूरदृष्टीने टळला. बारा महिन्यांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहिलेल्या आणि आता तेथे वस्तीस जाणाऱ्या माणसाला, सहा महिन्यांपूर्वीपासून आपल्या मालकीच्या असलेल्या चीजवस्तूंवर जकात व करमाफी मिळते. पाळीव प्राणी या माफीत येतात. अर्ज आधी करून मंजुरीचा क्रमांक हाती ठेवला नाही, तर आपल्याच कुत्र्याच्या किमतीवर वीस टक्के कर भरण्याची पाळी येते.

नोव्हेंबरात रवानगीपूर्वीचे शेवटचे आठ दिवस मी पुण्यासच होतो. पोहोचण्याच्या आधी चोवीस तासांहून कमी नाही व एकशेवीस तासांहून जास्त नाही अशा अवधीत पशुवैद्याच्या हातून पट्टकृमीचे औषध द्यावयाचे आणि त्याची वेळ घड्याळ पाहून नोंदवावयाची. प्रमाणपत्रावर सही झाल्यापासून दहा दिवसांत प्राणी ब्रिटनमध्ये पोहोचावयाचा. आणि या दोन मुदतींच्या मध्ये केंद्र सरकारच्या पशु संगरोध व प्रमाणन सेवेच्या मुंबईतील कार्यालयात, ज्याला सगळे नुसते 'क्वारंटाईन' म्हणतात तेथे, प्राण्याला हजर करून आरोग्याचा दाखला घ्यावयाचा. अशी कार्यालये देशात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू व हैदराबाद येथे आहेत. म्हणजे कोल्हापूरच्या, नागपूरच्या वा पणजीच्या माणसाने आपले कुत्रे घेऊन प्रथम मुंबई गाठावी. तेथील पशुवैद्यक अधिकाऱ्याने यंत्र चांदीच्या मानेवरून फिरवले, पंधरा अंक मोठ्याने वाचले, कागदावरील अंकांशी एकेक करून ताडून पाहिले आणि शिक्का मारला. या शिक्क्याची आम्ही १६ जुलैच्या त्या लशीपासून वाट पाहत होतो. शिक्का कोरडा होईपर्यंत भाचीने कागदावरची नजर काढली नाही.

२४ नोव्हेंबरच्या मध्यरात्री मालाच्या धक्क्यावर चांदी आपल्या पिंजऱ्यात आपणहून शिरली. आत बहिणीची जुनी साडी, दाराला अडकवलेल्या वाटीत गोठवलेले पाणी, जे हळूहळू वितळून तिला प्यावयास मिळेल. ती ओरडली नाही. हीथ्रोला लंडन शहराच्या महापालिकेचे प्राणिस्वागत केंद्र आहे. तेथे कागद व चिप तपासून, दुपारी कित्येक तासांनी, तिला भाचीच्या हवाली करण्यात आले. भाचीने पाठवलेल्या चित्रफितीत चांदी प्रथम तिच्याकडे पाहतच नाही. गवताच्या एका तुकड्याकडे धाव घेते, फार वेळ लघवी करते, आणि मग वळून ओळखते. बहिणीने ती चित्रफीत किती वेळा पाहिली याची गणती नाही.

तेथेही घराचा प्रश्न होताच. कुत्रे असलेल्या भाडेकरूस घर देण्यास तेथील मालक नाखूश असतात. भाचीला अकरा ठिकाणी नकार मिळाला आणि अखेर गावाबाहेर, अधिक भाड्याचे घर घ्यावे लागले. २०१९ च्या कायद्याने अनामत रकमेवर मर्यादा घातल्यामुळे कुत्र्यासाठी जादा अनामत घेऊन जोखीम भरून काढण्याची वाटही मालकांना बंद झाली आहे. २०२५ साली मंजूर झालेल्या भाडेकरू-हक्कांच्या नव्या कायद्याने पाळीव प्राण्याची विनंती सबळ कारणावाचून नाकारता येणार नाही अशी तरतूद केली आहे. तिचा लाभ पुढे जाणाऱ्यांना होईल.

आमची वाट बिकट असली तरी ती मोकळी तरी होती. ऑस्ट्रेलियास जाणाऱ्यांचे दुःख याहून मोठे. तेथे भारतातून कुत्रे थेट नेताच येत नाही. प्रथम मान्यताप्राप्त अशा तिसऱ्या देशात त्याची वस्ती व परीक्षा करून, मग मेलबर्नजवळील मिकलहॅमच्या सरकारी संगरोधगृहात त्याला ठेवावे लागते, आणि हे सर्व करण्याची ऐपत व उसंत फार थोड्यांना असते. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले: रेबीजचा धोका मोठा असलेल्या देशांत भारताची गणना असल्यामुळे, येथे लस घेतलेले कुत्रे सहा महिन्यांहून लहान चालत नाही, सरकारी पशुवैद्यकाने साक्षांकित केलेला दाखला लागतो, आणि मोजक्या विमानतळांवरील नोंदणीकृत प्राणिकेंद्रात आधी जागा राखून तेथेच उतरावे लागते, रक्तपरीक्षेचा दाखला नसेल तर अठ्ठावीस दिवस तेथे राहण्याचा खर्च धन्याच्या माथी.

राहिला गुंड्या. त्याच्याविषयी लिहिताना हात जड होतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींची श्वासनलिका जन्मतःच अरुंद; उष्णतेने वा भीतीने धाप लागली की त्यांना ती आवरत नाही, आणि म्हणून अनेक विमानकंपन्या त्यांना घेण्याचेच नाकारतात. २००३ च्या सुमारास एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा पग सर्व देशाने पाहिला आणि आपल्या शहरांत घराघरांत पग आले. हा प्राणी आपल्या उन्हाळ्यास मानवत नाही व दूरच्या प्रवासास तर मुळीच नाही, हे त्या वेळी कोणी विचारात घेतले नाही. गुंड्याच्या छातीत तपासणीअंती घरघर निघाली. भाचीने दोन दिवस अन्न घेतले नाही, आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मामा, तुम्ही न्याल का त्याला साताऱ्याला?" मी घेऊन आलो.

सगळ्यांनाच मामा असतो असे नाही. परदेशी निघालेल्या कुटुंबांनी सोडून दिलेली कुत्री आपल्या शहरांतील आश्रयगृहांच्या दारांशी बांधलेली सापडतात. कित्येक तर वसाहतीच्या फाटकाबाहेर नुसती सोडून दिलेली असतात, आणि गाडी गेली त्या दिशेने पाहत बसतात. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून जाणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या अपराधास त्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. ज्याने विमानाच्या तिकिटास लाख रुपये मोजले त्यास पन्नास रुपयांची जरब काय वाटावी? हा दंड आजच्या काळास लाज आणणारा आहे आणि तो विनाविलंब वाढवला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

साताऱ्यास आम्ही राहतो तेथून संगम माहुली जवळ. कृष्णा-वेण्णेच्या त्या संगमावर शाहू छत्रपतींच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघाच्या झडपेतून त्याने महाराजांस वाचवले, आणि महाराजांनी त्यास पालखीचा मान दिला, असे सांगतात. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट; परंतु गुंड्याला घेऊन मी तेथे हळूहळू चालत जातो तेव्हा तिचा अर्थ मला पूर्वीपेक्षा जवळचा वाटतो. ज्या मुलखाच्या धन्याने कुत्र्याचे उपकार स्मरून त्याची समाधी बांधली, त्या मुलखात आज गल्लोगल्लीचे कुत्रे लशीवाचून जन्मते आणि मरते, आणि त्याच्या चाव्याने गरिबाचे मूल दगावते. मग आपल्या घरच्या, निरोगी, लाडक्या कुत्र्यालाही परमुलखाच्या वेशीवर संशयित म्हणून उभे राहावे लागते. या दोन गोष्टी एकच आहेत, हे मला चांदीच्या रवानगीने शिकवले.

हे पालटता येत नाही असे मात्र नाही, आणि त्याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. गोव्यात २०१४ च्या सुमारापासून राज्य सरकार व 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी मिळून गावोगाव कुत्र्यांना जाळ्यांत वा हातांनी धरून लस टोचण्याची, टोचलेल्यास रंगाची खूण करण्याची आणि शाळांतून मुलांना शिकवण्याची मोहीम दरसाल चालवली. एकूण कुत्र्यांपैकी सत्तर टक्क्यांना लस पोहोचली की रोगाची साखळी तुटते, या हिशेबाने. २०१८ पासून सलग काही वर्षे तेथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही, आणि २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. परदेशाच्या याद्या राज्यवार नसतात, त्यामुळे पणजीच्या कुत्र्यालाही आज तेच तीन महिने काढावे लागतात. परंतु जे गोव्याने केले ते महाराष्ट्राने आणि मग उरलेल्या देशाने केले, तर आपली मुले वाचतील, आणि एखाद्या दिवशी त्या याद्याही बदलतील.

ज्यांच्या घरी आज पिल्लू आहे आणि ज्यांची मुले-मुली उद्या कोठे नोकरीस जातील हे कोणालाच ठाऊक नाही, त्यांना माझी विनंती आहे: चिप आधी बसवा, लस नंतर टोचा, पुस्तिकेत दोन्ही तारखा व तो पंधरा अंकी क्रमांक आपल्या डोळ्यांदेखत लिहवून घ्या, आणि लशीची तारीख एकदाही चुकू देऊ नका.

गुंड्या आता बारा वर्षांचा आहे. तो कोठेही जावयाचा नाही. तरीही गेल्या महिन्यात आम्ही त्यास चिप बसवली, मग रेबीजची लस टोचली, आणि आमच्या आळीतील सात भटक्या कुत्र्यांनाही त्याच दिवशी टोचून घेतली.